सात वर्षांच्या मुलीला ममी, रोमन आणि देव: सुरुवात कुठून करू?

रेडिंगची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही गेल्या ऑक्टोबरात पुण्याहून इंग्लंडमध्ये रेडिंगला आलो. लेक सात वर्षांची, इथल्या हिशेबाने इयर थ्री. घराजवळच्या शाळेत जागा नव्हती. लांबच्या शाळेत दोन बस बदलून न्यायचं तर धाकट्याला, जो अडीच वर्षांचा आहे, रोज थंडीत फरफटत न्यावं लागलं असतं. म्हणून जुलैपर्यंत घरीच शिकवायचं ठरवलं. गणित, मराठी, इंग्रजी व्यवस्थित चाललंय. अडलंय ते इतिहासात. मी कॉमर्सची, माझा इतिहास दहावीनंतर सुटला तो सुटलाच.

पुढे शाळेत गेल्यावर तिला जड जाऊ नये म्हणून इथला अभ्यासक्रम पाहिला. सात ते अकरा या वयात अश्मयुग ते लोहयुग, मग रोमन, अँग्लो-सॅक्सन, व्हायकिंग, असं १०६६ पर्यंतचं ब्रिटन. शिवाय सुमेर, सिंधू, इजिप्त आणि शांग राजवटीचा चीन यांपैकी एक खोलात जाऊन. वर ग्रीस. आणि बगदाद, माया किंवा बेनिन यांतलं एक. धर्मांची ओळख हा आणखी वेगळा विषय. लायब्ररीतून चौदा पुस्तकं आणली, ममी तिला आवडतील म्हणून इजिप्तपासून सुरुवात केली, मग रोमनांवर उडी मारली. तिथे गाडी रुतली. तिने विचारलेले तीन प्रश्न जसेच्या तसे देते.

एक. "आई, ममी आधी का शिवाजी महाराज आधी? आणि डायनासोर?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी परत तोच प्रश्न. आकडे सांगून उपयोग होत नाही, तिला दोन हजार आणि पाच हजार सारखेच.

दोन. हा मला जास्त लागला. मी पोळ्या लाटत होते. "झ्यूस गोष्टीतला आणि गणपती खरा, हे कोणी ठरवलं?" मी म्हटलं, आधी जेवून घे. तेव्हापासून मलाच चैन नाही. तिची शेजारची मैत्रीण मुसलमान आहे, समोरच्या आजी दर रविवारी चर्चला जातात. मला असं उत्तर हवंय जे ती त्या दोघींसमोर न बिचकता बोलू शकेल, आणि संध्याकाळी देवासमोर दिवा लावतानाही जे खोटं वाटणार नाही.

तीन. रोमनांशी लढलेल्या बुडिका राणीच्या पुस्तकात जळत्या शहराचं चित्र होतं. त्या रात्री ती माझ्या कुशीत येऊन झोपली. या वयाला किती सांगायचं?

ज्यांनी शिकवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

फळा_खडू

मी मूळची सांगलीची. गेली सोळा वर्षं लेस्टरजवळ एका प्राथमिक शाळेत शिकवते, बहुतेक वेळ इयर थ्री आणि फोरच. तुमच्या लेकीचे तिन्ही प्रश्न माझ्या वर्गात दर वर्षी येतात. दुसरा तर मोठी माणसंही इतका नेमका विचारत नाहीत.

पहिल्यासाठी एक जुनी सुती पाचवारी काढा, एकरंगी असेल तर उत्तम. साधारण साडेपाच मीटर भरते. पदराचं टोक म्हणजे आज. एक सेंटीमीटर म्हणजे दहा वर्षं. कागदाच्या चिठ्ठ्या आणि सेफ्टी पिना द्या आणि मोजपट्टी तिच्याच हातात राहू द्या.

तिचं सगळं आयुष्य सात मिलिमीटर. आजी सत्तरीच्या असतील तर त्या सात सेंटीमीटरवर. महाराजांचा राज्याभिषेक, १६७४, पस्तीस सेंटीमीटरवर. १०६६ची हेस्टिंग्जची लढाई शहाण्णववर. व्हायकिंगांनी लिंडिसफार्नचा मठ लुटला ते ७९३, म्हणजे १ मीटर २३. रोमन सत्ता इथून गेली ४१०च्या सुमारास, १ मीटर ६१. सम्राट क्लॉडियसचं सैन्य उतरलं इ.स. ४३मध्ये, १ मीटर ९८. म्हणजे रोमन ब्रिटन हातभरसुद्धा नाही! क्लिओपात्रा २ मीटर ५ला वारली, आणि गिझाचा मोठा पिरॅमिड जातो थेट साडेचार मीटरच्या पुढे. क्लिओपात्रा पिरॅमिडपेक्षा आपल्याला जवळची आहे, हे पुस्तकात वाचून मुलांना काही वाटत नाही, पण साडीवर रांगत रांगत जाताना त्यांचे डोळे विस्फारतात. मोहेंजोदडो भरात होतं ते इ.स.पू. २६०० ते १९००, म्हणजे पिरॅमिडच्या शेजारच्याच निऱ्यांत. सुमेरमधली पहिली लिपी जवळजवळ दुसऱ्या टोकाला.

डायनासोरांना साडी पुरणार नाही. याच मापाने ते सहासष्ट किलोमीटरवर संपले. तिला म्हणावं, साडीचा पदर आपल्या पुण्याच्या घरी धरला तर डायनासोर लोणावळ्याला. आणि नॉरफोकच्या किनाऱ्यावर २०१३मध्ये चिखलात माणसांच्या पावलांचे ठसे मिळाले, मोठ्यांचे आणि मुलांचेही, ते आठ लाखांहून जास्त वर्षांपूर्वीचे. ते आठशे मीटरच्या पलीकडे. एवढं अंतर तिच्यासोबत खरंच चालून या. पाय दुखले की काळ लक्षात राहतो.

आता पुस्तकं थोडी बाजूला ठेवा. तुम्ही रेडिंगला आहात हे तुमचं भाग्य आहे. टाउन हॉलमधल्या म्युझियममध्ये सिल्चेस्टर या रोमन शहरातल्या वस्तू आहेत, तिकीट नाही. तिथल्या मातीच्या कौलांवर जनावरांच्या पंजांचे ठसे आहेत, ते शोधायला सांगा. ओल्या मातीची कौलं वाळायला अंगणात पसरली होती, कुत्रं त्यांच्यावरून गेलं, कोणी पुसलं नाही, तशीच भट्टीत गेली. घरी आल्यावर तिला सिंधू संस्कृतीतल्या चन्हुदडोच्या विटेचा फोटो दाखवा. तिच्यावर मांजराचा पंजा आहे आणि त्याच्यामागे कुत्र्याचा. त्या विटेत आणि सिल्चेस्टरच्या कौलात दोन हजारांवर वर्षं आहेत. मग मळलेली कणीक लाटून तिच्यावर तिचे ठसे उमटवा आणि विचारा, हे कुणाला हजार वर्षांनी सापडलं तर त्याला तुझ्याबद्दल काय काय कळेल? आणि काय कळणार नाही? माझ्या वर्गातला एक मुलगा कितीतरी वेळ त्या फोटोकडे बघत बसला आणि म्हणाला, "पळताना पाऊल खोल जातं. ही दोघं पळत होती का चालत, ते बघायला पाहिजे." आठ वर्षांचा मुलगा! त्या दिवशी मी नंतर काही शिकवलं नाही, आम्ही सगळे वर्गातल्या मातीवर पळून आणि चालून बघत होतो.

माझ्या दृष्टीने इतिहास शिकवणं म्हणजे हेच. प्रत्येक वाक्यानंतर "कसं कळलं?" हे विचारायची सवय लावायची. सनावळ्या नंतर येतात. पण ही सवय या वयात लागली नाही तर पुढे लावणं फार कठीण जातं, हे मी मोठ्या वर्गांत पाहिलंय.

उत्तर इंग्लंडमधली रोमनांची हेड्रियनची भिंत करायची असेल तर भिंतीच्या लांबीपासून सुरू करू नका. विंडोलँडा या रोमन लष्करी तळापासून करा. भिंत बांधायला सुरुवात झाली इ.स. १२२च्या सुमारास, तिच्याही आधीपासून हा तळ तिथे होता. ओल्या चिखलात लाकडाच्या पातळ पट्ट्या टिकून राहिल्या, पोस्टकार्डाएवढ्या, शाईने लिहिलेल्या. पहिल्या पट्ट्या १९७३मध्ये मिळाल्या. एका पट्टीवर क्लॉडिया सेव्हेरा नावाची बाई मैत्रिणीला ११ सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाला बोलावते आहे. पत्र लेखनिकाने लिहिलंय, पण शेवटच्या जिव्हाळ्याच्या ओळी तिने स्वतःच्या हाताने लिहिल्यात, अक्षर बदललेलं स्पष्ट दिसतं. दुसऱ्या एका हिशेबाच्या पट्टीत दोन दिनारी किमतीची मिरी आहे. मिरी म्हणजे आपल्या मलबारची. त्या गारठ्यात, जगाच्या त्या टोकाला, एक शिपाई मिरी विकत घेतोय. लेकीला डब्यातली चार मिरी हातात द्या आणि नकाशावर बोट फिरवू द्या.

आता देव. याचं उत्तर मला आपल्या मराठीनेच दिलं. मी एकच क्रियापद वापरते: मानणं. ग्रीक लोक झ्यूसला मानायचे. ख्रिस्ती लोक येशूला देवाचा पुत्र मानतात. मुसलमान लोक अल्ला एकच आहे असं मानतात आणि महंमद पैगंबरांना त्याचा दूत मानतात. आपण गणपतीला मानतो. फरक काळाचा आहे, खऱ्याखोट्याचा नाही. झ्यूसच्या देवळात आज दिवा लावणारं माणूस उरलं नाही म्हणून आपण "मानायचे" म्हणतो. जिथे लावणारं माणूस आहे तिथे "मानतात", आणि जिथे ते माणूस आपणच आहोत तिथे "मानतो". ही तिन्ही रूपं ती सात वर्षांची असूनही रोज अचूक वापरते. मैत्रिणीसमोर आणि आजींसमोर तिला याहून वेगळं काही बोलावं लागणार नाही, आणि तुम्हाला दिवा लावताना आवाज खाली करावा लागणार नाही.

त्या काळी ते "मानणं" किती जिवंत होतं हे दाखवायला बाथला घेऊन जा, तुमच्याकडून ट्रेन थेट आहे. तिथल्या गरम झऱ्यात सुलिस मिनर्व्हा देवीला लोक शिशाच्या पत्र्यांवर लिहून तक्रारी टाकायचे. असे सुमारे एकशेतीस पत्रे मिळालेत. बहुतेक चोरीचे. डोसिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेले, तर तो म्हणतो, नेणाऱ्याची मती आणि डोळे जावोत. कोकणातला माणूस हे ऐकून लगेच म्हणेल, हे तर गाऱ्हाणं! अगदी तेच आहे. सुलिस ही इथल्या मूळ लोकांची देवी, मिनर्व्हा रोमनांची. दोन्ही नावं जोडून एकाच देवळात त्यांची पूजा होत होती. धर्म एकमेकांना कसे भेटतात हे याहून सोपं कुठे दिसणार?

बुडिका. तिच्या नवऱ्याने, ब्रिटनमधल्या आइसिनी टोळीच्या राजाने, मरताना राज्य दोन मुली आणि रोमन सम्राट यांच्यात वाटून दिलं. रोमनांनी सगळंच बळकावलं, राणीला फटके मारले, मुलींचे हाल केले. या वयाला "मुलींना फार वाईट वागवलं" इथवर पुरे. पुढचं ती मोठी झाल्यावर. राणीने कोल्चेस्टर, लंडन आणि सेंट ऑल्बन्स जाळलं, हे मात्र लपवू नका. चित्राऐवजी मातीतून सांगा: इ.स. ६०-६१च्या त्या आगीत भाजलेल्या लाल मातीचा थर कोल्चेस्टर आणि लंडनच्या पोटात आजही खणताना लागतो. आणि तिची गोष्ट आपल्याला कोणी सांगितली? टॅसिटस आणि कॅसियस डिओ या इतिहासकारांनी, दोघेही रोमनांच्या बाजूचे. तिच्या माणसांनी लिहिलेलं एक अक्षर नाही. हे कळलं की मुलांची भीती ओसरते आणि ती विचारायला लागतात, मग तिची बाजू कोण सांगणार?

अँग्लो-सॅक्सनांसाठी एकच सांगते, वारांपासून सुरू करा. वेन्सडे हा त्यांच्या वोडन देवाचा, थर्सडे थुनोर देवाचा. रोमनांकडे हेच वार बुध आणि गुरू या ग्रहांचे होते, आणि आपल्याकडे बुधवार, गुरुवार तेच. शनिवार तर इंग्रजीतही शनीचाच राहिला. तुमच्या लेकीला दोन्ही भाषा येतात, तिला हे वर्गातल्या इतर मुलांच्या आधी दिसेल.

पंचगंगेकाठ

फळा_खडू ताईंचं लेखन वाचून राहवलं नाही. मी कोल्हापूरचा, निवृत्त मुख्याध्यापक. नातू लीड्सला असतो, त्याचा आणि माझा रविवारी फोनवर इतिहासाचा तास असतो.

आमच्या इथे नदीकाठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४०च्या दशकात तिथे उत्खनन झालं तेव्हा समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती निघाली, सोबत रोमन बनावटीची भांडी. ती आमच्या कोल्हापूरच्या टाउन हॉलमधल्या संग्रहालयात आहे, तिथे मी शाळेतल्या मुलांना दर वर्षी न्यायचो. नातवाने ऐकून विचारलं, "आजोबा, म्हणजे रोमन कोल्हापुरात राहायचे?" मी म्हटलं, बाळा, वस्तू आली एवढं नक्की. माणूस आलाच असेल असं नाही. कल्याणच्या, भडोचच्या बंदरात माल उतरायचा आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढायचा.

मग त्याला उलटी बाजू सांगितली. पाँपेई शहर इ.स. ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथे १९३८मध्ये एका घरात भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, वीतभर उंचीची. तिच्यासारख्या मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिवजवळच्या तेरला मिळाल्या आहेत. आमची मूर्ती तिकडे आणि त्यांची इकडे, असं तो आता सगळ्यांना सांगत असतो. तुमची लेक सुट्टीत येईल तेव्हा कोल्हापूरला जरूर आणा. मूर्ती मी स्वतः दाखवीन.

उत्तरेकडची

माझं मत थोडं वेगळं आहे, आणि तळमळीने लिहिते आहे. माझा मुलगा आता दहा वर्षांचा. मीही प्रत्येक धड्यात भारत शोधायचे. रोमन आले की सातवाहन, बुडिका आली की झाशीची राणी. एक दिवस त्याने विचारलं, "आई, व्हायकिंग पण आपल्याकडूनच आले होते का?" त्याच्या आवाजात कंटाळा होता. मला फार वाईट वाटलं. त्याला परकं काहीतरी परकं म्हणून आवडलं होतं आणि मी ते दर वेळी ओढून घरी आणत होते.

मग आम्ही स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कने बेटांवर गेलो, स्कारा ब्रे ही अश्मयुगातली वस्ती बघायला. १८५०च्या हिवाळ्यात वादळाने वाळू उडाली आणि पाच हजार वर्षांपूर्वीची घरं उघडी पडली. पिरॅमिडच्या आधीची! दगडी पलंग, मध्ये चूल, आणि दारासमोरच्या भिंतीला दगडी फळ्यांची मांडणी. झाड मिळत नाही म्हणून सगळं दगडाचं. पोरगा वाऱ्यात तासभर उभा होता. "यांची चूल मधोमध का?" "दार एवढं बुटकं का?" मी एकदाही आपल्याकडे असं असतं म्हटलं नाही. तो दिवस आमचा सगळ्यात चांगला दिवस होता.

मिरी, हस्तिदंत हे खरे दुवे आहेत, ते जरूर सांगा. पण जिथे दुवा नाही तिथे तो जोडू नका, एवढंच.

फळा_खडू

उत्तरेकडची, तुमचं शंभर टक्के पटतं. सगळ्या गोष्टी एकाच साच्यात बसवण्याची घाई मोठमोठ्या माणसांनाही होते. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९३४ ते ३७मध्ये डॉर्सेटच्या मेडन कॅसल या लोहयुगीन डोंगरी किल्ल्यावर उत्खनन केलं. दाराजवळ सांगाडे मिळाले, त्यांनी म्हटलं, रोमन सैन्याने कत्तल केली. १९४४मध्ये ते भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले, आणि मोहेंजोदडोच्या सांगाड्यांबद्दलही त्यांनी तेच म्हटलं: बाहेरून आलेल्यांनी केलेली कत्तल. नंतरच्या संशोधकांनी दोन्हीकडचे पुरावे परत तपासले तेव्हा सांगाडे एकाच दिवसाचे नाहीत असं दिसून आलं. मी हे इयर फोरला सांगते, कारण मोठा संशोधकसुद्धा "कसं कळलं?" या प्रश्नातून सुटत नाही हे मुलांना फार आवडतं.

आणि रेडिंगच्या आई, दिवाळीत लेकीने मातीचा किल्ला केला असेल तर मेडन कॅसलचा वरून काढलेला फोटो तिला दाखवा. एकामागे एक खंदक आणि मातीचे बांध. इतकी चढउतार का केली असेल, हे किल्ला केलेल्या मुलांना सांगावं लागत नाही. त्यांच्या नखांत ती माती गेलेली असते.

रेडिंगची_आई

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशीर झाला. सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबा, मेमध्ये येतोय, कोल्हापूर नक्की.

साडी हॉलमधून जिन्यापर्यंत गेली. माझ्या आईची फिकट निळी. लेकीने स्वतःचा ठिपका काढला, मग व्हिडिओ कॉलवर आजीला सांगितलं, "तू सात सेंटीमीटर आहेस." आजीने तिच्या आईची जागा विचारली, तिच्या आईच्या आईची विचारली, अठरा सेंटीमीटरपर्यंत नावं मिळाली आणि मग आजीलाही आठवेना. लेक गप्प बसून राहिली. नंतर म्हणाली, "तिथून पुढे खणायला लागेल."

म्युझियममध्ये कौल सापडलं. काचेवर नाक लावून बघितलं. देवांचं "मानायचे, मानतात, मानतो" तिने दोन दिवसांत उचललं, आणि समोरच्या आजींना स्वतःहून विचारलं, तुम्ही ईस्टरला काय काय मानता. त्यांनी तिला बसवून अर्धा तास सांगितलं आणि येताना एक बन दिला.

बाथला गेल्या शनिवारी गेलो. घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरातला फॉइलचा कागद घेतला आणि पेन्सिलीने गाऱ्हाणं लिहिलं. तिचा एक निळा मोजा हरवलाय, संशय धाकट्यावर. वर नाव कोणाचं घालू विचारत होती. मी म्हटलं, सुलिस मिनर्व्हाचं घाल की. तर म्हणे, "तिला लोक मानायचे. आता तिचं पत्र कोण उघडणार?" शेवटी माझ्या माहेरच्या गावच्या सातेरी देवीच्या नावाने लिहिलं. त्यात धाकट्याचे डोळे जाऊ नयेत, फक्त मोजा परत यावा, असं खाली वेगळ्या ओळीत घातलंय. पत्रा देवघरात ठेवलाय. मोजा अजून मिळालेला नाही.